घरात आणि गल्लीत कुत्रा सुरक्षित राहावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा जगाची ओळख नाकाने करून घेतो आणि खात्री तोंडाने. त्यामुळे त्याच्या बाबतीतले बहुतेक अपघात दोन ठिकाणी घडतात: जे खायला नको ते तोंडात गेलेलं असतं, किंवा जे दार बंद हवं ते उघडं राहिलेलं असतं. कुत्र्याला शिस्त लावून हे टळेल असं आपल्याला वाटतं. शिस्त हवीच, पण ती यायला महिने लागतात आणि अपघाताला एक क्षण पुरतो. म्हणून खालच्या उत्तरांत कुत्र्याला काय शिकवावं यापेक्षा आपण घरात आणि सवयींत काय बदलावं यावर जास्त भर आहे.

नवीन कुत्रा घरी येतोय. सुरुवात कुठून करू?

जमिनीवर बसा, गुडघ्यांवर रांगत घरभर फिरा. हसू येईल, पण उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: सोफ्याखाली गेलेली गोळी, टेबलामागे लोंबणारी चार्जरची वायर, ओट्याखालचं उघडं कपाट, खाली ठेवलेली कचऱ्याची बादली. जे तुमच्या गुडघ्याच्या उंचीला आहे ते पिल्लाचं आहे असं समजा. आणि मोठा कुत्रा असेल तर मागच्या दोन पायांवर उभा राहून तो कुठवर पोचतो तेही बघा. गॅसच्या शेगडीची बटणं ओट्याच्या कडेला असतील आणि वर काही खाण्याचं राहिलं असेल, तर उडी मारताना पंजाने बटण फिरू शकतं. ओटा रिकामा ठेवणं आणि बाहेर जाताना सिलिंडर किंवा गॅसचा मुख्य नळ बंद करणं ही दोन कामं त्यासाठी पुरेशी आहेत.

दार उघडलं की आमचा कुत्रा बाणासारखा बाहेर सुटतो. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात आमचीही चूक झालेली आहे. कोणीतरी पार्सल घेऊन आलं, मी सही करायला वळलो, आणि आमचा कुत्रा मोती माझ्या पायांमधून निघून गेला. दोन तासांनी सापडला. तोवर घरातल्या कोणाच्याही घशाखाली पाणी उतरलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मुख्य दाराच्या आत आम्ही लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं अडसराचं फाटक बसवलं. एक दार उघडं असताना दुसरं बंद असलंच पाहिजे, हा घरातला नियम झाला. फाटक बसवणं शक्य नसेल तर बेल वाजल्यावर आधी कुत्र्याला खोलीत ठेवून दार लावून घ्या किंवा दोरी लावा, आणि मगच बाहेरचं दार उघडा. दारापाशी उभा माणूस अर्धा मिनिट थांबेल, त्यात काही बिघडत नाही.

सोबतीने ‘थांब’ शिकवा. दाराच्या कडीला हात लावा. कुत्रा पुढे सरकला तर हात मागे घ्या, बसून राहिला तर लगेच खाऊ द्या. रोज दहा वेळा, पाच-पाच मिनिटं. दोरी न लावता हा सराव करू नका. घरात पाहुणे, प्लंबर, लहान मुलं येणार असतील तेव्हा शिकवलेल्या ‘थांब’वर भिस्त ठेवू नका. त्या वेळी फक्त बंद दारच कामाला येतं.

तो कधी एकटा बाहेर जातच नाही. मग गळ्यात पट्टा आणि बिल्ला कशाला?

हरवणारे कुत्रे ‘कधीच एकटे बाहेर न जाणारे’च असतात. बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर ठळक कोरलेला असू द्या. ज्याला कुत्रा सापडेल त्याने लगेच फोन करावा, यापेक्षा सोपा मार्ग दुसरा नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत इतकाच तो सैल ठेवा, आणि वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. पिल्लं किती भराभर वाढतात ते रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मायक्रोचिप म्हणजे जीपीएस का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि सुईने खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात. तिला बॅटरी नसते, ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की बहुतेक चिपमधून १५ अंकी क्रमांक मिळतो, एवढंच. तो क्रमांक तुमच्या नावावर आणि चालू फोन नंबरवर नोंदवलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. अमेरिकेतल्या निवारागृहांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या सगळ्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकांकडे परत गेले होते, आणि चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. ज्या चिपवाल्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्याबाबत मुख्य कारण चुकीची किंवा न केलेली नोंदणी हेच होतं. फोन नंबर बदललात की बँकेसोबत चिपची नोंदही बदला.

माणसाच्या खाण्यातलं कुत्र्याला नेमकं काय घातक आहे?

यादी लांब आहे, पण काही नावं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत.

पहिलं झायलिटॉल. हा गोडवा बिनसाखरेच्या चिंगममध्ये, गोळ्यांत, काही टूथपेस्टमध्ये आणि काही प्रकारच्या पीनट बटरमध्ये असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यामुळे एकदम इन्शुलिन सुटतं आणि रक्तातली साखर धाडकन उतरते, बरेचदा तासाभराच्या आत. कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो, कोसळतो, आकडी येते. जास्त प्रमाणात गेलं तर यकृत निकामी होतं. वजनाच्या दर किलोला ०.१ ग्रॅम एवढंही साखर उतरवायला पुरतं, म्हणजे छोट्या कुत्र्याला एक-दोन चिंगम. पाकिटावर कधी ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असंही लिहिलेलं असतं. पाहुण्यांच्या पर्स आणि दप्तरं खुर्चीवर नाही, उंच खुंटीला टांगा. चिंगम आणि औषधं दोन्ही तिथेच असतात.

दुसरं द्राक्षं, मनुका, बेदाणे. यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. २०२१ पासून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातंय, आणि द्राक्षागणिक त्याचं प्रमाण बदलतं हे या लहरीपणाचं एक कारण असावं. ‘मागे खाल्लं होतं, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. केकमधले मनुकेही यात आले.

कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पूड, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास लगेच नाही, काही दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा थकलेला वाटतो. तोवर आपण ते खाणं विसरलेलो असतो. म्हणून आपल्या ताटातला रस्सा त्याच्या भांड्यात ओतू नका. मॅकाडेमिया नट, दारू आणि कच्चं फुगणारं कणकेचं पीठ हीसुद्धा याच यादीतली. पीठ पोटाच्या उबेत फुगत राहतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो.

चॉकलेटचा एकच तुकडा खाल्ला. घाबरू का?

तुकडा कसला आणि कुत्रा केवढा, यावर आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं उतरायलाच साधारण १७ तास लागतात. दूधवाल्या चॉकलेटमध्ये ते कमी, गडद कडू चॉकलेटमध्ये कितीतरी जास्त, आणि कोको पावडरमध्ये सर्वांत जास्त. १० किलोच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम दूधवाल्या चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो, तर गडद चॉकलेट त्याच्या निम्म्याहून कमी असलं तरी पुरतं. उलट्या, अस्वस्थपणा, सारखी लघवी, छातीत धडधड ही लक्षणं बहुतेक ६ ते १२ तासांत दिसतात. लक्षणांची वाट बघू नका. वेष्टन हातात धरून डॉक्टरांना फोन करा. त्यावरचं वजन आणि कोकोचं प्रमाण ते आधी विचारतील.

विषारी काही खाल्लं तर घरी उलटी करवावी का?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. मीठ पाजू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होऊन कुत्रे दगावले आहेत. घशात बोट घालू नका. ॲसिड, नळ साफ करायची पावडर, रॉकेल-पेट्रोल यांसारखं काही गेलं असेल तर उलटीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते किंवा ते फुप्फुसात जातं. गुंगीत असलेल्या कुत्र्यालाही उलटीचा धोका तोच.

काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, या चार गोष्टी कागदावर लिहा, उरलेला माल किंवा डबी सोबत घ्या आणि निघा.

ताप आहे, लंगडतोय. आपली वेदनाशामक गोळी अर्धी दिली तर?

देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडतं, पॅरासिटामॉल यकृतावर घाव घालतं. ‘अर्धी’ हे माप माणसाच्या वजनाचं आहे. आणि कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमी गरमच लागतं, कारण त्याचं साधं तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. हाताने ताप ठरवू नका, थर्मामीटर गुदद्वारातून लावा.

हाडं देतो आम्ही. चालतं ना?

शिजवलेली नाही. शिजलं की हाड ठिसूळ होतं आणि चावल्यावर त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. त्या घशात, आतड्यात रुततात. चघळायची वस्तू निवडताना तिच्यात नखाने दाबून खळगा पडतो का बघा. न पडणारी वस्तू दात मोडते.

कुंड्यांमधली झाडं आणि उंदीर मारायचं औषध?

कण्हेरीचं प्रत्येक अंग विषारी आहे आणि ते थेट हृदयावर काम करतं. सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, त्याच्या बिया यकृताचा नाश करतात. ही दोन झाडं कुत्रा असलेल्या घरात नसावीत असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही देखणी असली तरी. डिफेनबॅकियाने तोंडाची आग होते, पण जिवावर सहसा बेतत नाही.

उंदराच्या औषधाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. रक्त गोठू न देणारं औषध कुत्र्याने खाल्लं तर तो त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही अगदी नेहमीसारखा असतो. रक्तस्राव सुरू होतो तो तीन ते पाच दिवसांनी. खाल्ल्याचा संशय आला त्याच दिवशी गेलात तर ‘के’ जीवनसत्त्वाने उपचार होतात आणि बहुतेक कुत्रे वाचतात. मात्र सगळीच औषधं या प्रकारची नसतात, म्हणून पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. शेजारी किंवा सोसायटी औषध टाकणार असेल तर कुठे, कधी आणि कोणतं हे विचारून घ्यायला संकोच करू नका. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझही (कूलंट) गोड चवीचं असतं आणि थोडकंही प्राणघातक ठरतं. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसून धुऊन काढा.

घरातल्या कुठल्या वस्तूंकडे लोकांचं लक्ष जात नाही?

वेफर्सची पिशवी. कुत्रा तळाशी राहिलेल्या चुऱ्यासाठी डोकं आत घालतो, श्वास घेतो तशी पिशवी तोंडाभोवती आवळली जाते, आणि पंजाने ती काढता येत नाही. काही मिनिटांत जीव जातो. रिकामी पिशवी दोन बाजूंनी फाडून सपाट करा आणि मगच टाका. हे एक काम आजपासून सुरू करा, अगदी घरात कुत्रा नसला तरी.

बटणासारखे छोटे सेल चावले किंवा गिळले तर ते तासाभरातच आतून भाजायला लागतात. पायमोजे आतड्यात अडकतात. वायर चावलेलं पिल्लू सावरल्यासारखं दिसतं, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून ‘आता बरा आहे’ म्हणून थांबू नका. वॉशिंग मशीनचं दार लावण्याआधी आत बघा.

गॅलरीला कठडा आहे, तो पुरेसा नाही का?

जिथून डोकं जातं तिथून पिल्लाचं अंग जातं. गजांमधली जागा जाळीने बंद करा. कठड्याजवळ खुर्ची, स्टूल, मोठी कुंडी ठेवू नका. त्यावर चढून पक्ष्याच्या मागे उडी मारलेले कुत्रे डॉक्टरांनी बरेच पाहिलेले असतात. गच्चीवर दोरीशिवाय सोडू नका.

लहान मूल आणि कुत्रा: एकत्र सोडता येतील का?

मोठं माणूस त्याच खोलीत, लक्ष देऊन बसलेलं नसेल तर नाही. कुत्रा कितीही गरीब असला तरी नाही. लहान मुलांना झालेले बरेचसे चावे रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याचे नसून घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि मुलाची उंची अशी की चावा चेहऱ्यावर बसतो.

‘काही न करता अचानक चावला’ असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कुत्र्याने बरंच आधी सांगितलेलं असतं. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरपं बघतो, अंग ताठ करून गोठल्यासारखा उभा राहतो. मग गुरगुरतो. मूल गळ्यात पडलेलं असताना यातलं काहीही दिसलं तर कुत्र्याला ओरडू नका, मुलाला हळूच बाजूला घ्या. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं ही फार मोठी चूक आहे. त्याने तो गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

मुलांना तीनच नियम शिकवा: जेवताना त्याच्याजवळ जायचं नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या अंगावर चढायचं किंवा मिठी मारायची नाही. कुत्र्यालाही अशी एक जागा द्या जिथे मुलं कधीच येणार नाहीत. आमच्याकडे ती जिन्याखालची चादर होती. मोती तिथे गेला की घरात सगळ्यांना कळायचं, आता त्याला एकटं राहू द्या.

फिरायला नेताना गळपट्टा की हार्नेस?

ओढणाऱ्या, छोट्या आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) बरा, कारण गळ्यावर ताण येत नाही. नंबर लिहिलेला पट्टा गळ्यात असू द्याच. दीड ते दोन मीटरची साधी दोरी रस्त्यासाठी उत्तम. आपोआप लांब-आखूड होणारी दोरी गर्दीच्या रस्त्यावर वापरू नये असं मला वाटतं: बारीक दोरीने बोटं कापतात, आणि कुत्रा पाच मीटर पुढे गाडीसमोर असताना ब्रेक लागेपर्यंत उशीर होतो. भित्र्या कुत्र्याला निघण्याआधी एक चाचणी करा. समोरून हलकं ओढून बघा. मागे सरकून डोकं हार्नेसमधून निघतं का? निघत असेल तर फटाका वाजला की तो निघणारच.

रस्त्यावरची मोकळी कुत्री अंगावर येतात. माझ्या कुत्र्याला कसं वाचवू?

आधी दुरून ओळखा. शेपटी ताठ, मान खाली, नजर रोखलेली, पावलं आखूड, असा कुत्रा दिसला की त्याच्यापर्यंत पोचू नका. रस्ता ओलांडा किंवा मोठं वळण घेऊन जा. सरळ समोरून जाणं कुत्र्यांच्या भाषेत उद्धटपणाचं असतं. पळू नका. तुमचा कुत्रा मागे, तुम्ही मधे, अंग थोडं तिरकं, नजर खाली, आणि सावकाश मागे सरका. दोरी ताणून धरू नका, ताण त्यालाही कळतो आणि तो भुंकायला लागतो. छत्री सोबत ठेवणं मला फार उपयोगी पडलेलं आहे. समोर धरून एकदम उघडली की बहुतेक कुत्री दचकून थांबतात. मूठभर खाऊ दूर फेकला तरी वेळ मिळतो.

तेच कुत्रे रोज त्याच कोपऱ्यावर भेटत असतील तर वाट बदला किंवा वेळ बदला. तो कोपरा त्यांचं घर आहे, त्याची राखण ते करणारच.

भांडण जुंपलंच तर हात तोंडाजवळ किंवा गळपट्ट्याकडे नेऊ नका, तुमचाच कुत्रा तुम्हाला चावेल. पाणी ओता, घोंगडी किंवा जॅकेट टाका, मधे झाकण-पाटी सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून, हातगाडी मागे ओढावी तसं सावकाश मागे घ्यावं. नंतर केस बाजूला करून अंग तपासा. दात शिरल्याचं भोक बाहेरून टाचणीएवढं आणि आत कातडी स्नायूपासून सुटलेली, असं फार वेळा होतं. त्या जखमा दोन-तीन दिवसांनी पिकतात, म्हणून त्याच दिवशी दाखवा.

आमच्या कुत्र्याला शेजारी घाबरतात. मुसकं बांधणं क्रूर नाही का?

श्वास घेता येईल, धापा टाकता येईल आणि पाणी पिता येईल असं जाळीदार पिंजऱ्यासारखं मुसकं क्रूर नाही. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी मात्र फिरताना वापरू नका, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. मुसक्याच्या आत खाऊ ठेवून आठवडाभर सवय लावा. लिफ्ट, जिना, अरुंद बोळ इथे दोरी आखूड धरा आणि घाबरणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्या. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाला दिलासा देत नाही. त्याला हवं असतं अंतर.

ऊन किती बाधतं? गाडीत पाच मिनिटं सोडलं तर?

कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांमधून येतो, आणि तो नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. भोवतालची हवाच गरम आणि दमट असली की हा उपाय चालत नाही. पग, बुलडॉग, शिह-त्झू यांच्या आखूड श्वसनमार्गाला तो एरवीही जेमतेमच जमतो.

बंद गाडीचं गणित साधं आहे. बाहेर २१ अंश, म्हणजे आल्हाददायक हवा असतानाही उन्हातल्या गाडीत अर्ध्या तासात ४० अंश होतात. काच दोन बोटं खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं होतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीत सोडू नका.

रस्ता तापला का हे बघायला हाताची मागची बाजू सात सेकंद त्यावर टेकवा. टेकवत नसेल तर पंजेही टेकणार नाहीत.

उष्माघाताची लक्षणं: काही केल्या न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, मग अडखळणं, उलटी, कोसळणं. अशा वेळी आधी थंड करा आणि मग दवाखान्याकडे निघा, शक्य असेल तर थंड करणं वाटेतही चालू ठेवा. सावलीत न्या, अंगावर, पोटावर, मांड्यांवर नळाचं पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी पुढे ठेवा, जबरदस्तीने ओतू नका. सावरला तरी दाखवाच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशी कळते.

फटाके आणि ढगांचा गडगडाट?

आपल्याला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ पर्यंत. त्याचं घाबरणं नाटकी नसतं. अंधार पडायच्या आधी फिरवून आणा, खिडक्या लावा, पडदे ओढा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, लपायला जागा द्या. जवळ आला तर कुशीत घ्या. गोंजारलं की भीती वाढते हा समज चुकीचा आहे. दरवर्षी हाल होत असतील तर डॉक्टरांकडून भीतीवरचं औषध आधीच विचारून ठेवा. आवाज सुरू झाल्यावर दिलेलं उशिरा लागू पडतं.

पिल्लाला लसी पूर्ण होण्याआधी बाहेर काढू का?

पूर्ण कोंडूनही ठेवू नका आणि सगळ्यांच्या पायदळी असलेल्या जमिनीवर सोडूही नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आतड्याच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असल्याने लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवडे उलटेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पण जगाची ओळख पटायचं वयही नेमकं तेच आहे, तीन ते बारा-चौदा आठवडे. यातून मार्ग असा: उचलून घेऊन फिरवा. गाड्या, माणसं, छत्र्या, सायकली सगळं बघू दे, ऐकू दे, फक्त जमीन चाटू देऊ नका. लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी घरात खेळू द्या.

गोचीड कसा काढायचा?

चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, जाळू नका, तेल लावू नका. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज बघा. गोचिडातून रक्ताचे आजार पसरतात. ताप आणि मरगळ दिसली तर गोचीड सापडला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुत्र्याचं गोचीड-औषध मांजराला कधीही लावू नका, अशा बऱ्याच औषधांतलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं.

आमचा कुत्रा कोणाला चावला, किंवा आम्हालाच चावा बसला तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप लांब असतात. नंतर लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जगणं जवळपास अशक्य आहे, आणि लक्षणांआधी लस घेतली तर तो जवळपास पूर्ण टळतो. इतका लख्ख फरक फार थोड्या आजारांत असतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला १० दिवस डोळ्यांसमोर ठेवतात, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नसतात. तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड अशा वेळी समोरच्याला स्वतःहून दाखवा, आणि खर्चाचीही जबाबदारी घ्या.

कुत्रा हरवला! आता?

पहिला तास जवळच शोधा. मोती घरापासून चार घरं सोडून उभ्या असलेल्या गाडीखाली होता, आणि आम्ही दूरदूरच्या रस्त्यांवर हाका मारत फिरत होतो. घाबरलेला कुत्रा लपतो, आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. गाड्यांखाली, झुडपांत, जिन्यांखाली टॉर्च मारून बघा, डोळे चमकतात.

दिसला तर पाठलाग करू नका. खाली बसा, पाठ किंवा बाजू त्याच्याकडे करा, खाऊची पिशवी वाजवा आणि थांबा. पाठलाग केला की तो रस्त्यात धावतो. दाराबाहेर त्याचं अंथरूण आणि तुमचा वापरलेला शर्ट ठेवा. पहाटे आणि रात्री उशिरा, वर्दळ कमी असताना, पुन्हा फिरा. चालू वर्षाचा, उभा, बाजूने काढलेला स्पष्ट फोटो आणि फोन नंबर एवढंच असलेली चिठ्ठी शेजारी, पहारेकरी, दूधवाले, जवळचे दवाखाने यांच्याकडे द्या. त्याच्या अंगावरची एखादी खूण चिठ्ठीत मुद्दाम सांगायची राहू द्या, म्हणजे खोटा फोन करणाऱ्याला ती विचारता येईल.

कशासाठी रात्री-अपरात्री धावायचं आणि कशासाठी सकाळपर्यंत थांबता येतं?

यांतलं एकही दिसलं तर थांबू नका: पोट फुगलेलं आणि कोरड्या ओकाऱ्या येतायत पण बाहेर काही पडत नाही (जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो, हातात तासच असतात), श्वासाला त्रास, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, पाच मिनिटांहून लांब चाललेली आकडी, लघवीसाठी जोर करतोय पण थेंब येत नाही, गाडीची धडक, दिसायला कितीही ठीक असला तरी.

आकडी आली तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही. आजूबाजूचं सामान सरकवा आणि घड्याळ बघा. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. तुमचा कुत्रा निरोगी असताना हे आज एकदा करून बघा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुमच्या लक्षात राहील. आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आजच विचारून नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.